‘गॅस संपला’ : घरगुती शीतकपाटाचे मापन, दोषनिदान आणि निगा

घरातील शीतकपाट बिघडले म्हणजे त्याविषयी उच्चारली जाणारी वाक्ये मोजकीच असतात. ‘थंडच होत नाही’, ‘सारखा चालूच राहतो’, ‘खाली पाणी साचते’ ही त्यांपैकी तीन. आणि या सर्वांवरचा अखेरचा निर्णय म्हणजे ‘गॅस संपला’. पहिली तीन वाक्ये लक्षणे सांगतात, चौथे कारण सांगते. लक्षण आणि कारण यांची ही सरमिसळ भाषेच्या अभ्यासकास केवळ कुतूहलाची वाटेल. गृहस्थास मात्र ती महाग पडते. चौथ्या वाक्यावर विसंबून गॅस भरून घेतला जातो, पैसे खर्च होतात, आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो. हा गोंधळ टाळण्यासाठी काय मोजावे, मोजमापावरून कोणते अनुमान काढावे आणि कोणती निगा राखावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. शब्द आणि यंत्र

‘शीतकपाट’ या शब्दात कपाट आहे, यंत्र नाही. त्यामुळे थंडी हा जणू आत साठविण्याचा पदार्थ आहे, अशी कल्पना मनात रुजते. वस्तुतः हे यंत्र थंडी निर्माण करीत नाही. आतील उष्णता उचलून बाहेर टाकते. या तत्त्वावरील यंत्राचे पेटंट जेकब पर्किन्स याने १८३४ मध्ये इंग्लंडात घेतले, आणि घरोघरच्या शीतकपाटात आजही तेच चक्र चालते. कॉम्प्रेसर वायूस दाबतो; तप्त झालेला वायू मागील किंवा बाजूच्या नळ्यांतून उष्णता बाहेर सोडून द्रवरूप होतो; केसासारख्या बारीक नळीतून पुढे जाताना त्याचा दाब उतरतो; आणि आतील नळ्यांत त्याचे पुन्हा बाष्प होताना तो अन्नातील उष्णता शोषून घेतो.

‘संपणे’ हे क्रियापद तेल, रॉकेल किंवा स्वयंपाकाचा गॅस अशा खर्च होणाऱ्या पदार्थांस लागू पडते. शीतकपाटातील वायू बंदिस्त नळ्यांतून फिरत राहतो. तो खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळला आहे, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून गळती न शोधता भरलेला वायू पुन्हा निघून जातो.

या वायूचे प्रकारही बदलत गेले आहेत. पूर्वीचा आर-१२ ओझोनच्या थरास घातक ठरल्याने १९८७ च्या माँट्रियल करारान्वये त्याच्यावर नियंत्रण आले. त्यानंतर आर-१३४ए व आर-६००ए हे वायू प्रचारात आले. यांपैकी आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन. तो ज्वालाग्राही असून घरगुती यंत्रात त्याची भरती काही दशक ग्रॅमच असते. यंत्रात कोणता वायू आहे हे त्याच्या पट्टीवर छापलेले असते. कारागीराने काम आरंभण्यापूर्वी ती पट्टी वाचली पाहिजे.

२. मापन

‘थंड’ हा सापेक्ष शब्द आहे. त्वचेचे तापमान सुमारे ३३ अंश सेल्सिअस असल्यामुळे ४ अंशांचे दूध आणि १० अंशांचे दूध ही दोन्ही हातास थंडच लागतात. परंतु खालच्या कप्प्याचे तापमान ४ अंश किंवा त्याहून कमी, आणि बर्फाच्या कप्प्याचे उणे १८ अंश असावे, असा अन्नसुरक्षेचा मान्य दंडक आहे. ४ अंशांच्या वर जिवाणूंची वाढ वेग घेते. तेव्हा हात हे येथे विश्वसनीय साधन नव्हे, तापमापक हवा.

प्रथम तापमापकाचीच परीक्षा करावी. ठेचलेल्या बर्फात थोडे पाणी घालून त्यात तो बुडवावा. काही मिनिटांनी शून्य अंश दिसले पाहिजेत. जेवढा फरक पडेल तेवढा पुढील नोंदीत वजा-अधिक करावा. नंतर पाण्याच्या पेल्यात तापमापक ठेवून तो पेला मधल्या फळीवर रात्रभर ठेवावा. दार उघडताच आतील हवेचे तापमान बदलते, पाण्याचे लगेच बदलत नाही. म्हणून पाण्याचे तापमान हे अन्नाच्या तापमानाचे अधिक खरे द्योतक होय. बर्फाच्या कप्प्यात तापमापक गोठलेल्या पुड्यांच्या मध्ये ठेवावा.

विजेचे मापनही अवघड नाही. घरातील इतर सर्व उपकरणे बंद करून मीटरवरील लुकलुकणारा दिवा मोजावा. एका युनिटास किती लुकलुका, हे मीटरवर लिहिलेले असते. समजा ती संख्या ३२०० आहे, आणि कॉम्प्रेसर चालू असताना १५ मिनिटांत ८० लुकलुका झाल्या. तर वापर ०.०२५ युनिट, म्हणजे १०० वॉट होय. मात्र कॉम्प्रेसर मध्येच थांबत असल्यामुळे दिवसाचा वापर यावरून ठरत नाही. त्यासाठी प्लगला लावावयाचा छोटा मीटर २४ तास जोडून ठेवावा. ऊर्जाकार्यक्षमता विभागाच्या तारांकित पट्टीवर वर्षाचा वापर दिलेला असतो. त्यास ३६५ ने भागावे. उन्हाळ्यात प्रत्यक्ष आकडा वर जाणारच. परंतु तो दुप्पट दिसल्यास दोष शोधावा.

३. दोषनिदान

निदानाचा पहिला प्रश्न एकच : कॉम्प्रेसर चालतो की नाही?

कॉम्प्रेसर मुळीच चालत नसेल तर वायूवर आरोप करण्याचे कारण नाही. वीजपुरवठा, प्लग, थर्मोस्टॅट व रिले या क्रमाने तपासणी व्हावी. दर काही मिनिटांनी ‘टक्’ असा आवाज होऊन यंत्र पुन्हा गप्प बसत असेल, तर कॉम्प्रेसर सुरू होऊ पाहत आहे आणि ओव्हरलोड त्यास तोडीत आहे. विजेचा दाब फार उतरला असणे, रिले निकामी होणे किंवा कॉम्प्रेसर जाम होणे ही त्याची नेहमीची कारणे. वीज जाऊन लगेच आली असेल तर नळ्यांतील दाब समतोल होईपर्यंत, म्हणजे पाच मिनिटे, यंत्र बंद ठेवणे श्रेयस्कर.

कॉम्प्रेसर चालतो, बाहेरील नळ्या चांगल्या तापतात, तरीही आत थंडावा अपुरा, असे असेल तर उष्णता बाहेर टाकली जात आहे. पण ती आत येतेही आहे, किंवा बाहेर पुरेशी विरत नाही. दाराचे रबर, नळ्यांवरील धूळ आणि भिंतीपासूनचे अंतर येथे पाहावे. बर्फाचा कप्पा थंड पण खालचा उबदार असेल आणि यंत्र ‘फ्रॉस्ट-फ्री’ असेल, तर आतील पंखा बंद पडला आहे, किंवा बर्फ वितळविणारा हीटर निकामी होऊन हवेचा मार्ग बर्फाने बुजला आहे. खाली पाणी साचते तेव्हा बहुधा निचऱ्याचे छिद्र तुंबलेले असते.

कॉम्प्रेसर अखंड चालतो, बाहेरील नळ्या कोमटही होत नाहीत, आणि आतील नळीच्या आरंभापुरतेच दव गोठते, ही लक्षणे एकत्र आढळली तरच वायुगळतीचा संशय रास्त ठरतो. तेव्हाही गळती शोधून सांधणे, फिल्टर बदलणे, नळ्या निर्वात करणे आणि मग तोलून वायू भरणे, हा क्रम चुकता कामा नये.

४. निगा

दाराच्या फटीत कागदाचा तुकडा धरून दार लावावे. तो सहज निसटला तर त्या जागी रबर ढिले आहे. रबर कोमट साबणपाण्याने पुसावे. कोकणासारख्या दमट हवेत त्यावर बुरशी लवकर धरते. ज्या यंत्राच्या नळ्या मागे उघड्या असतात त्यांवरील धूळ, प्लग काढून, वर्षातून दोनदा झाडावी. नळ्या बाजूच्या पत्र्याआड असल्यास तो पत्रा गरम लागणे हा दोष नव्हे. साध्या यंत्रातील बर्फ अर्ध्या सेंटिमीटरहून जाड होऊ देऊ नये, कारण बर्फच उष्णतारोधक होतो. तो सुरीने मात्र कधीही खरवडू नये. पत्र्यातील नळीस भोक पडले की जी गळती केवळ संशयाची होती ती खरी होते.

जागेचाही विचार हवा. उष्ण कटिबंधासाठी ठरविलेल्या वर्गाचे यंत्र १६ ते ४३ अंशांच्या परिसरासाठी असते. नागपूर-चंद्रपूरकडील उन्हाळा ही मर्यादा ओलांडतो. तेथे चुलीजवळ किंवा पश्चिमेच्या भिंतीस टेकलेले यंत्र अखंड चालले, तर त्यात यंत्राचा अपराध नाही.

५. समारोप

तापमापक, मीटर आणि कागदाचा तुकडा एवढ्या साधनांनी बहुतेक दोषांचा प्रांत ठरविता येतो. विजेच्या जोडण्या व वायूचे काम कारागीराचेच. पण त्यास बोलावताना ‘गॅस संपला’ असे न सांगता ‘कॉम्प्रेसर चालतो, मागील नळ्या गार आहेत, आत १४ अंश आहेत’ असे सांगणे गृहस्थाच्या हाती आहे. पहिल्या वाक्याने खर्च ठरतो; दुसऱ्याने तपासास आरंभ होतो.