चिंचवड गावठाणातील खणांची घरे

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला आणि पुढे पार चाकणपर्यंत शेतांच्या जागी कारखाने उभे राहिले, त्यामुळे या मुलुखाला यंत्राखेरीज दुसरा इतिहास नाही असा समज रूढ झाला असला, तरी पवनाकाठच्या मोरया गोसावींच्या समाधिमंदिरापासून चापेकर बंधूंच्या वाड्यापर्यंत चिंचवडच्या गावठाणातून जो सावकाश पायी हिंडेल, त्याला विसाव्या शतकारंभीची गृहरचना अधूनमधून अजून भेटेल.

या घरांचे माप फूट नव्हे, खण. दोन खांबांमधील गाळा तो खण; साधारण पाच-सहा फुटांचा, कारण वरच्या लाकडाची ताकद बेताची. छपराचा भार खांबांवर, भिंत बव्हंशी आडोसा. म्हणून पावसाने एखादी मातीची भिंत खचली तरी घर उभेच. खांबाच्या बुडाशी दगडी तळखडा, जमिनीची ओल लाकडात चढू नये यासाठी. वाटणीपत्रांतही भावाभावांचे हिस्से खणांतच लिहिले जात आणि चौकाची वहिवाट सामाईक राही; भांडणे बहुधा त्या चौकावरूनच!

१८५८ साली खंडाळा-पुणे लोहमार्ग खुला झाला आणि बांधकामाचा दूरचा माल इकडे येणे सोपे होत गेले. बाझेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरास काढलेल्या कारखान्यातील, खाचेत खाच बसणारी चपटी कौले कालांतराने देशावरही रुळली. तोवर नळीची कौले. ती दर मृगापूर्वी चाळावी लागत आणि माकडांनी एकदा विस्कटली की माजघरात धार लागे. मंगळुरी कौल जागचे हलेना, ओझेही कमी झाले. पोटमाळ्यावर चढून पाहावे, कौलाच्या पोटावर कारखान्याचा ठसा उमटलेला दिसतो.

जुना वाडा रस्त्याशी फटकून असे : दिंडीतून वाकून आत जावे, उजेड चौकातून घ्यावा. नव्या शतकातील घराने मात्र माडीला रस्त्याकडे सज्जा काढला, त्याला बिडाचा नक्षीदार कठडा लावला आणि आत ओसरी, माजघर, देवघर यांचा क्रम तसाच ठेवला. शुद्धतावाद्यांना हे कडबोळे वाटते. मला तसे वाटत नाही, कारण बदलले ते सोयीसाठी आणि राखले तेही सोयीसाठीच.

वाडा उतरवायचा निर्णय ज्यांच्या घरी झाला असेल, त्यांना एवढीच विनंती, की लाकूड जुन्या बाजारात जाण्यापूर्वी खणांसह नकाशा काढून घ्यावा आणि एक तळखडा नव्या इमारतीच्या दाराशी ठेवावा.