कॅन्सरची गोळी आधी लागू पडते, मग अचानक का थांबते?

‘कॅन्सरवर रामबाण औषध सापडलं’ अशी पोस्ट दर दोन-चार महिन्यांनी आपल्या व्हॉट्सअ‍ॅपवर येतेच. ज्या घरात कॅन्सरचा रुग्ण आहे, तिथं मात्र कधी कधी वेगळीच गोष्ट ऐकू येते. "वर्षभर गोळीनं छान गुण आला, रिपोर्ट नॉर्मल आले, आणि मग एकदम औषध लागूच पडेना."

असं झालं की बहुतेकांची समजूत एकच असते. शरीराला औषधाची सवय झाली. त्यातूनच पुढचा सल्ला निघतो, "मध्ये थोडे दिवस खंड द्या, म्हणजे गोळी पुन्हा लागू पडेल."

ही समजूत चुकीची आहे आणि हा सल्ला जिवावर बेतू शकतो. का, ते समजून घेण्यासाठी एका गोळीची गोष्ट पाहू. या गोळीचं नाव आहे इमॅटिनिब. ‘ग्लिवेक’ म्हणून ती जगभर गाजली.

एका रोगाचं मूळ सापडलं

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, थोडक्यात सीएमएल, हा रक्ताच्या कॅन्सरचा एक प्रकार. यात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात.

१९६० मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड या दोघांना या रुग्णांच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसलं. त्याला शहराचंच नाव मिळालं, ‘फिलाडेल्फिया क्रोमोसोम’. १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राऊली यांनी त्याचा उलगडा केला. ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांच्या जागी चिकटलेले असतात.

या अदलाबदलीत दोन जनुकं चुकून एकत्र जोडली जातात आणि त्यातून बीसीआर-एबीएल नावाचं नवं प्रथिन तयार होतं. पेशीला ‘वाढ’ असा निरोप देणारं हे एक बटण आहे असं समजा. निरोगी पेशीत असं बटण गरजेपुरतं चालू होतं आणि बंद होतं. इथं ते चालूच राहतं.

मग हे बटणच बंद करता येईल का? सिबा-गायगी या स्विस कंपनीत निकोलस लायडन यांच्या गटानं तसा रेणू तयार केला. पोर्टलँडचे डॉक्टर ब्रायन ड्रुकर यांनी त्यावर चिकाटीनं काम केलं आणि १९९८ मध्ये रुग्णांवर चाचणी सुरू झाली.

निकाल थक्क करणारे होते. दिवसाला ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त डोस घेणाऱ्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांच्या रक्तातल्या पेशींचं प्रमाण नॉर्मल झालं. १० मे २००१ रोजी अमेरिकेच्या औषध नियामकानं गोळीला मंजुरी दिली. अर्ज आल्यापासून जेमतेम अडीच महिन्यांत.

आणि त्याच वर्षी पहिली ठेच लागली

सीएमएल पुढच्या टप्प्यात गेलेल्या काही रुग्णांना गोळीनं आधी गुण आला, पण काही महिन्यांत आजार उलटला. हे का झालं, ते लॉस एंजेलिसमध्ये चार्ल्स सॉयर्स यांच्या गटानं शोधलं. त्यांचा अभ्यासही २००१ सालीच प्रसिद्ध झाला.

त्यांनी नऊ रुग्णांच्या पेशींतलं बीसीआर-एबीएल तपासलं. त्यातल्या सहा जणांत अगदी एकच बदल आढळला.

हा बदल किती छोटा आहे बघा. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. बीसीआर-एबीएलच्या माळेत दोन हजारांच्या आसपास मणी आहेत. त्यातला ३१५ क्रमांक दिलेला मणी बदलला होता. थ्रिओनिनच्या जागी आयसोल्युसिन आलं होतं. डीएनएच्या भाषेत सांगायचं तर एक अक्षर बदललं होतं.

एवढ्यानं काय बिघडतं? बीसीआर-एबीएलमध्ये एक खाच असते. पेशीतलं इंधन त्या खाचेत बसतं, तेव्हाच बटण चालतं. इमॅटिनिब त्या खाचेत पाचर मारल्यासारखं घट्ट बसतं आणि इंधनाची वाट अडवतं. घट्ट बसण्यासाठी ही पाचर ३१५ व्या मण्याचा आधार घेते. नव्या मण्याला तो आधार देता येत नाही, शिवाय तो आकारानं आडवा येतो. पाचर बसत नाही, इंधन मात्र पूर्वीसारखंच बसतं. बटण पुन्हा चालू.

शास्त्रज्ञ या बदलाला टी३१५आय म्हणतात.

इथं शरीराला कसलीही सवय झालेली नाही, हे लक्षात घ्या. रुग्णाचं पोट, यकृत, रक्त पूर्वीसारखंच काम करतंय. बदलल्या आहेत त्या कॅन्सरच्या पेशी.

मग पेशींनी औषध पाहून स्वतःला बदललं का?

ऐकायला तसं वाटतं, पण उत्तर त्याहून वेगळं आहे. ते कॅन्सरच्या आधी जीवाणूंनी दिलं होतं, १९४३ मध्ये.

साल्वाडोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांना एक प्रश्न पडला होता. जीवाणूंवर त्यांना मारणारा विषाणू सोडला तर बहुतेक मरतात, पण काही वाचतात. हे वाचलेले जीवाणू विषाणू आल्यावर बदलतात, की आधीपासूनच वेगळे असतात?

त्यांनी एकच जीवाणू बऱ्याच नळ्यांत वेगवेगळा वाढवला आणि मग सगळ्यांवर विषाणू सोडला. हल्ला झाल्यावर बदल होत असता, तर प्रत्येक नळीत वाचणाऱ्यांची संख्या साधारण सारखी आली असती. प्रत्यक्षात काही नळ्यांत एकही वाचला नाही आणि काहींत शेकड्यांनी वाचले.

लुरियांना ही कल्पना एका पार्टीत जुगाराचं मशीन पाहताना सुचली होती. बहुतेक वेळा हाती काहीच लागत नाही, मधेच कधी तरी घबाड मिळतं. नळ्यांत तेच झालं होतं. ज्या नळीत बदल फार आधी झाला, तिथं त्या एका जीवाणूची मोठी प्रजा तयार होती. म्हणजे बदल हल्ल्याच्या आधीच, योगायोगानं झालेले होते.

कॅन्सरमध्येही अनेकदा हेच घडतं. सीएमएलचं निदान होतं तेव्हा रुग्णाच्या शरीरात साधारण एक लाख कोटी रोगी पेशी असू शकतात. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते आणि नकलेत अधूनमधून चुका होतात. इतक्या पेशींत कुणाच्या तरी ३१५ व्या जागी चूक असणं नवल नाही. पुढे काही रुग्णांच्या, उपचार सुरू होण्याआधी घेतलेल्या नमुन्यांतही असे बदल सापडले.

शेतकऱ्याला हे चटकन कळेल. एकच तणनाशक वर्षानुवर्षं फवारलं की बाकीचं तण मरतं आणि त्याला दाद न देणारं तेवढं उरतं. रान मोकळं मिळाल्यावर तेच माजतं. तणनाशक काही ते तण तयार करत नाही, फक्त निवडतं.

सगळ्या पेशी एकाच वाटेनं सुटत नाहीत

काही पेशी बीसीआर-एबीएलचं उत्पादनच वाढवतात. खाचा इतक्या होतात की पाचर पुरत नाहीत. काही पेशींच्या भिंतीवर पंपासारखी प्रथिनं असतात, ती औषध आत आलं की बाहेर फेकतात. यातलं सर्वात प्रसिद्ध प्रथिन, पी-ग्लायकोप्रोटीन, १९७६ मध्येच सापडलं होतं. काही पेशी बंद पडलेलं बटण सोडून वाढीचा दुसराच मार्ग धरतात.

म्हणूनच औषध थांबलं की डॉक्टर आधी तपासणी सांगतात. नुसतं ‘लागू पडत नाही’ एवढं कळून भागत नाही. कोणत्या वाटेनं पेशी सुटल्या हे कळलं, तर पुढचं औषध ठरतं.

२००६ मध्ये डासाटिनिब आणि २००७ मध्ये निलोटिनिब आलं. इमॅटिनिबला न जुमानणारे बरेच बदल या गोळ्यांपुढे चालत नाहीत. टी३१५आय मात्र त्यांनाही पुरून उरला. त्याच्यासाठी २०१२ मध्ये पोनाटिनिब आलं. नव्या मण्याला वळसा घालून बसेल अशीच त्याची घडण केलेली आहे. पण रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोका दिसल्यानं पुढच्याच वर्षी अमेरिकेत त्याची विक्री काही काळ थांबवावी लागली आणि ते कडक इशाऱ्यांसह परत आलं. २०२१ मध्ये ॲसिमिनिब आलं, ते त्या खाचेच्या वाटेलाच जात नाही. प्रथिनाच्या दुसऱ्याच भागाला चिकटून बटण बंद करतं.

एकाच वेळी दोन औषधं का देत नाहीत?

देतात. टीबीच्या रुग्णाला सुरुवातीचे दोन महिने चार औषधं एकत्र देतात, त्यामागे हाच हिशोब आहे. समजा, एका औषधाला चुकवणारा जंतू दहा लाखांत एक असतो. मग दोन औषधांना एकदम चुकवणारा जंतू दहा लाख गुणिले दहा लाखांत एक. लहान मुलांच्या ल्युकेमियावर १९६० च्या दशकापासून अनेक औषधं एकत्र देण्याचं तत्त्व वापरलं गेलं आणि पूर्वी हमखास मृत्यू ठरणारा तो आजार आज बहुतेक मुलांत बरा होतो.

पण औषधं वाढली की दुष्परिणामही वाढतात. म्हणून प्रत्येक कॅन्सरमध्ये हे जमत नाही.

‘मध्ये खंड द्या’ हा सल्ला इतका घातक का?

आता सुरुवातीच्या सल्ल्याकडे वळू. गोळी चालू असताना, तिला दाद देणाऱ्या पेशी दबलेल्या राहतात आणि वाढ थांबते. वाढ थांबली म्हणजे नकला थांबल्या, नकला थांबल्या म्हणजे नव्या चुकाही कमी. डोस वारंवार चुकले की पेशी पुन्हा दुभंगू लागतात. म्हणजे जुगाराचं मशीन पुन्हा सुरू.

लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये इमॅटिनिब घेणाऱ्या ८७ रुग्णांचा अभ्यास झाला, तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. गोळ्यांच्या बाटलीच्या झाकणात छोटी चिप होती. बाटली कधी उघडली, याची नोंद ती ठेवायची. ज्यांनी ९० टक्क्यांहून जास्त डोस घेतले, त्यांच्यात सहा वर्षांत आजार अगदी खालच्या ठरावीक पातळीवर येण्याची शक्यता ९४.५ टक्के होती. ज्यांचं प्रमाण ९० टक्के किंवा त्याहून कमी, त्यांच्यात ती फक्त २८.४ टक्के होती.

९० टक्के म्हणजे महिन्याला तीन गोळ्या चुकणं. ‘एखाद-दुसरी राहिली तर काय होतंय’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

गोळी चुकते ती फक्त आळसानं नाही. मळमळ, पायात गोळे येणं, अंगावर सूज असे त्रास होतात. ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहे’ असं वाटतं. पण रक्ताची साधी तपासणी नॉर्मल आली तरी शरीरात अब्जावधी रोगी पेशी उरलेल्या असू शकतात. म्हणून दर काही महिन्यांनी बीसीआर-एबीएलचं प्रमाण मोजणारी खास पीसीआर तपासणी करतात.

आणि पैशांचं काय? १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ग्लिवेकच्या सुधारित रूपावरचा नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळला. त्या वेळी मूळ गोळीचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये आणि भारतीय कंपन्यांच्या गोळीचा ८ ते १० हजार रुपये सांगितला जात होता. आपण बहुतांश रुग्णांना औषध मोफत देतो, असं कंपनीचं म्हणणं होतं. निकालामुळे स्वस्त गोळ्यांची वाट मोकळी राहिली. रोज, वर्षानुवर्षं घ्यायच्या गोळीच्या बाबतीत किंमत हाही उपचाराचाच भाग असतो.

पण डॉक्टर स्वतःच कधी गोळी थांबवतात, ते कसं?

हा प्रश्न रास्त आहे. फ्रान्समध्ये १०० रुग्णांवर असा प्रयोग झाला. किमान दोन वर्षं पीसीआरमध्येही रोगाचा मागमूस न दिसलेल्या रुग्णांची गोळी थांबवली. वर्षभरानंतर साधारण ४१ टक्के जण गोळीशिवाय रोगमुक्त स्थितीत होते. बाकीच्यांचा आजार परतला, पण तपासणी सुरू असल्यानं तो लगेच पकडला गेला आणि पुन्हा सुरू केलेल्या औषधाला दाद मिळाली.

प्रोस्टेट कॅन्सरमध्ये अमेरिकेच्या मॉफिट कॅन्सर सेंटरचे रॉबर्ट गेटनबी यांचा गट औषध मुद्दाम थांबवून पुन्हा सुरू करण्याचा प्रयोग करतोय. दाद देणाऱ्या काही पेशी शिल्लक ठेवायच्या, म्हणजे त्या दाद न देणाऱ्यांना माजू देणार नाहीत, असा त्यामागचा विचार. हे अजून संशोधन आहे, नेहमीचा उपचार नाही.

या दोन्हींत आणि घरच्या घरी गोळी बंद करण्यात एक मोठा फरक आहे. तिथं कुणीतरी सतत मोजत असतं.

तुमच्या घरात कुणी अशी गोळी घेत असेल तर

गोळीचा त्रास होत असेल तर गोळी बंद न करता आधी डॉक्टरांना सांगा. डोस किंवा औषध बदलता येतं. ॲसिडिटीची गोळी, काढा, आयुर्वेदिक औषध काहीही चालू असेल तर तेही सांगा. उदाहरणार्थ, डासाटिनिबसोबत ॲसिडिटीची औषधं घेतली तर गोळी नीट शोषली जात नाही. पीसीआरची तारीख चुकवू नका. औषध थांबल्यासारखं वाटलं तर ‘म्युटेशनची तपासणी करायची का?’ हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा.

इमॅटिनिबनं सुरुवात केलेल्या सीएमएलच्या रुग्णांचा जो मोठा अभ्यास झाला, त्यात दहा वर्षांनंतर सुमारे ८३ टक्के जण हयात होते. रामबाण हा शब्द इथंही लागू होत नाही. रोज न चुकता घेतलेली गोळी आणि वेळच्या वेळी केलेली तपासणी, यांनी मिळून हा आकडा गाठलाय.