गाठ काढण्याआधीच

अन्ननलिकेचा कर्करोग घासातून कळतो. आधी भाकरी अडकते, मग मऊ भात, शेवटी पेजही उतरत नाही. तोवर तो बहुधा शेजारच्या लसिकाग्रंथींत पोचलेला असतो, म्हणून नुसत्या शस्त्रक्रियेवर भागत नाही. नेदरलँड्समधल्या ‘क्रॉस’ चाचणीने २०१२ साली हे आकड्यांत मांडलं. थेट शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी निम्मे रुग्ण २४ महिन्यांपलीकडे जगले. आधी केमो आणि रेडिएशन घेतलेल्यांत हाच काळ ४९ महिन्यांवर गेला.  

आता या उपचारांत इम्युनोथेरपी आली आहे. टी-पेशींवर पीडी-१ नावाचा रेणू असतो. तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेला तो १९९२ मध्ये सापडला. तो टी-पेशींचा लगाम. गाठ नेमका तोच ओढून धरते आणि औषध ती पकड सोडवतं. ‘चेकमेट ५७७’ चाचणीत निवोलुमॅब हे असं औषध शस्त्रक्रियेनंतर दिलं, तेव्हा रोग न उलटण्याचा काळ ११ महिन्यांवरून २२ महिन्यांवर गेला. एकूण आयुष्यातला फरक मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही.

मग औषध आधीच का देऊ नये? गाठ आणि तिच्या लसिकाग्रंथी जागेवर असताना टी-पेशींना शत्रूच्या साऱ्या खुणा दिसतात. केमोने मरणाऱ्या पेशी त्या खुणा आणखी उघड्या करतात. गाठ कापून काढली, की ओळख पटवणारं हे सगळं तिच्यासोबत जातं. मला हा तर्क फार पटतो. चीनमधल्या ‘एस्कॉर्ट-निओ’ चाचणीत शस्त्रक्रियेआधी केमोसोबत कॅमरेलिझुमॅब हे याच जातीचं औषध घेतलेल्या एका गटातल्या २८ टक्के रुग्णांच्या काढलेल्या भागात कर्करोगाची जिवंत पेशी उरली नव्हती. नुसत्या केमोवर हे प्रमाण ४.७ टक्के होतं. अर्थात गाठ नाहीशी होणं म्हणजे आयुष्य वाढणं नव्हे. शिवाय मोकाट सुटलेल्या टी-पेशी फुप्फुस, यकृत, थायरॉइड यांनाही इजा करू शकतात.

२०२५ साली गाजलेल्या ‘मॅटरहॉर्न’ चाचणीत केमोसोबत दुर्वालुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध शस्त्रक्रियेआधी आणि नंतरही दिलं आणि त्याचा फायदा दिसला. पण ते रुग्ण जठराच्या आणि जठर-अन्ननलिकेच्या सांध्यावरच्या ग्रंथीपेशींच्या कर्करोगाचे. आपल्याकडे अन्ननलिकेत आढळतो तो प्रामुख्याने स्क्वॅमस प्रकार. तिथला निष्कर्ष इथे जसाच्या तसा लावणं धोक्याचं.

आणि खर्च? निवोलुमॅबचा रूढ डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. मुंबईतल्या गोवंडी-देवनारच्या वस्त्यांतल्या किती घरांना त्याचा खर्च पेलेल? परळच्या टाटा रुग्णालयात डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी पुढच्या टप्प्यातल्या डोके-मान कर्करोगात, तोंडाने घ्यायच्या केमोसोबत, दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिलं. वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेआधी एवढाच डोस पुरेल का, या प्रश्नाचं उत्तर आपल्याच रुग्णालयांतल्या चाचण्यांतून, आणि लवकर, यायला हवं.