शिल्लक विजेची अंघोळ

ब्रिटनमधल्या अनेक जुन्या घरांत एका कपाटात तांब्याची टाकी उभी असते. तिच्यात शंभर-दीडशे लिटर पाणी मावतं. ते तापवतो गॅसचा बॉयलर. तो बंद पडला तर सोय म्हणून टाकीत ३ किलोवॉटची विजेची कॉइलही असते. एरवी विसरल्या गेलेल्या या कॉइलला २०१० नंतर भाव आला, तो एका सरकारी योजनेमुळे.

२०१० च्या एप्रिलमध्ये तिथे छतावरच्या सौरविजेसाठी ‘फीड-इन टॅरिफ’ सुरू झालं. तयार होणाऱ्या प्रत्येक युनिटला पैसे मिळू लागले. ग्रिडला दिलेल्या विजेचे पैसे वेगळे होते. पण लहान घरांत ती मोजायला मीटर नसायचं, म्हणून निम्मी वीज बाहेर गेली असं धरूनच हिशेब होई. प्रत्यक्षात एकही युनिट बाहेर गेलं नाही, तरी रक्कम तीच! मग दुपारची उरलेली वीज टाकीत घाला आणि गॅस वाचवा, हे ओघानंच आलं.

पण अडचण होती. समजा, छतावर २,००० वॉट तयार होत आहेत आणि घरात ८०० लागत आहेत. उरले १,२००. कॉइल मात्र चालू केली की ३,००० वॉट ओढणार, म्हणजे १,८०० वॉट विकतचे. त्यात ढग आला की सगळं गणित नव्यानं मांडायचं. ही कसरत करणारं यंत्र म्हणजे डायव्हर्टर.

त्याचा सेन्सर घरात येणाऱ्या मुख्य तारेभोवती बसतो. यंत्र त्या तारेतला प्रवाह आणि व्होल्टेज सतत मोजून त्यांचा गुणाकार करतं. सरासरी धन आली तर वीज घरात येते आहे, ऋण आली तर बाहेर चालली आहे. बाहेर जाऊ लागताच ट्रायॅक हा इलेक्ट्रॉनिक स्विच कॉइल सुरू करतो, तीही तुकड्या-तुकड्यानं. विजेची सेकंदाला ५० आवर्तनं होतात; त्यांतली २० कॉइलला दिली आणि ३० अडवली, की सरासरी बरोबर १,२०० वॉट पडते. त्या २० आवर्तनांत थोडी वीज ग्रिडकडून येते, पुढच्या ३० मध्ये परत जाते. एक आवर्तन म्हणजे कॉइलला अवघे ६० जूल. अनेक इलेक्ट्रॉनिक मीटर मात्र ३,६०० जुलांच्या गठ्ठ्यांत मोजतात, त्यामुळे ही देवाणघेवाण बिलावर चढत नाही. घरातले दिवे मात्र कधीकधी लुकलुकतात.

साठा लहान नाही. १५० लिटर पाणी १५ वरून ६० अंश सेल्सिअसवर न्यायला जवळपास ८ युनिटं लागतात. घरगुती बॅटरीत साधारण एवढीच मावतात. पण हा सौदा सोनं देऊन तांबं घेण्याचा आहे. ६० अंशांच्या पाण्यातून पुन्हा वीज काढायची म्हटली, तर उष्मागतिकीच्या नियमानं आदर्श यंत्रालाही त्या उष्णतेच्या १४ टक्क्यांहून कमीच वीज मिळेल.

म्हणूनच दर बदलले की हिशेब उलटतो. ती योजना २०१९ मध्ये नव्या ग्राहकांसाठी बंद झाली. २०२० पासून तिथे नव्या ग्राहकांना प्रत्यक्ष मोजलेल्या निर्यातीचेच पैसे मिळतात, आणि काही कंपन्या त्या युनिटला गॅसच्या युनिटपेक्षा जास्त दर देतात. अशा घरी डायव्हर्टर चालवणं तोट्याचं.

महाराष्ट्रात नेट मीटरिंग आहे. दुपारी ग्रिडला दिलेलं युनिट बिलातून वजा होतं, म्हणजे सकाळच्या गिझरसाठी साठा ग्रिडच करतं. शिवाय १५ लिटरच्या गिझरमध्ये मावणार किती? २५ वरून ६० अंशांपर्यंत जेमतेम ०.६ युनिट. आणि फक्त गरम पाणीच हवं असेल तर सोलर वॉटर हीटर सरस: पडलेल्या उन्हातला साधारण निम्मा भाग तो पाण्यात उतरवतो, तर पॅनेल जेमतेम पाचव्या भागाची वीज करतं.

डायव्हर्टर शोभतो तो मोठी टाकी असलेल्या घरात, जिथे ग्रिड वीज घेत नाही किंवा घेऊन फारसं काही देत नाही. तो घेण्याआधी दोन दर शेजारी मांडावेत: बाहेर दिलेल्या युनिटचा आणि वाचणाऱ्या इंधनाच्या युनिटचा. पहिला जास्त असेल, तर वीज विकून त्या पैशांत गॅस घेतलेला बरा.