ड्राइव्हमधली शिल्लक वीज

कारखान्यातला पंप, ब्लोअर किंवा लिफ्ट हव्या त्या वेगाने चालवण्यासाठी हल्ली सर्रास व्हीएफडी बसवतात. कामगारांच्या तोंडी नुसता ‘ड्राइव्ह’. तो बिघडला की मेन स्विच बंद करून लगेच झाकण उघडण्याची घाई होते, आणि ही घाई जिवावर बेतू शकते.

४१५ व्होल्टचा थ्री-फेज पुरवठा ड्राइव्हमध्ये आधी डीसी होतो. हा दाब सुमारे ५८५ व्होल्टपर्यंत चढतो आणि मोठे कपॅसिटर तेवढे भरून राहतात. समजा ते एकूण ३००० मायक्रोफॅरडचे आहेत. मग त्यांत ५०० ज्यूलहून जास्त ऊर्जा साठते. रुग्णाच्या हृदयाला झटका देणारे डिफिब्रिलेटर यंत्रही साधारण ३६० ज्यूलपलीकडे जात नाही. पुरवठा तोडला तरी हा साठा जागेवरच असतो.

तो रिकामा करायला समांतर रेझिस्टर असतात. ४० किलोओहमचा रेझिस्टर धरला, तर ५८५ चे ५० व्होल्ट व्हायला जवळपास ५ मिनिटे लागतात. ड्राइव्हवर ‘इतकी मिनिटे थांबा’ असे छापलेले असते, ते अशाच हिशेबातून. पण तो रेझिस्टरच जळून तुटला असेल तर? मग घड्याळ पाहून उपयोग नाही. ‘चार्ज’चा दिवा विझला यावरही विसंबू नये, दिवाही जातो.

म्हणून मोजलेच पाहिजे. त्या दाबाला चालणारा मीटर डीसीवर ठेवून आधी खात्रीच्या चालू डीसी सप्लायवर तपासायचा, मग ड्राइव्हच्या डीसी प्लस-मायनस टर्मिनलवर लावायचा, आणि पुन्हा त्याच सप्लायवर. शेवटची पायरी गाळण्याचा मोह होतो. पण मधेच प्रोबची वायर तुटली असेल, तर मीटरवरचे शून्य खोटे असते.

स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून कपॅसिटर शॉर्ट करण्याची सवय तर सोडूनच द्यावी. ठिणगीत वितळलेला धातू थेट डोळ्यांत उडू शकतो. योग्य वॅटेजचा रेझिस्टर इन्सुलेटेड प्रोबने लावावा, आणि थोड्या वेळाने पुन्हा मोजावे, कारण रिकाम्या केलेल्या कपॅसिटरवर काही व्होल्टेज आपोआप परत चढते.

मेन स्विचला कुलूप घालून किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात हवी. शिवाय पर्मनंट मॅग्नेट मोटर असेल, तर वाऱ्याने फिरणारा पंखासुद्धा तिच्यातून ड्राइव्हच्या टर्मिनलवर वीज पाठवतो. अशा मोटरचा शाफ्ट आधी अडकवावा, मग मीटर लावावा.