संगणकाचे अकस्मात बंद पडणे : कारणशोधाची पद्धती

घरचा संगणक वारंवार अकस्मात बंद पडू लागला की एकाच वेळी अनेक उपाय करण्याचा मोह होतो. पंखा स्वच्छ केला जातो, रॅमची पट्टी बदलली जाते, विंडोजही नव्याने बसविले जाते. यंत्र सुधारले तरी दोष कोठे होता हे अज्ञातच राहते. प्रबंधाची एकमेव प्रत त्याच यंत्रात असल्यास हे अज्ञान महागात पडते. म्हणून प्रथम ती प्रत अन्यत्र काढून ठेवावी, मगच शोधास आरंभ करावा.

अशा वेळी विंडोजच्या नोंदवहीत बहुधा ‘४१’ क्रमांकाची नोंद आढळते. यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले, एवढेच ती सांगते. ती कार्याची नोंद होय, कारणाची नव्हे. नेहमीची कारणे चार : अतिरिक्त उष्णता, सदोष वीजपुरवठा, रॅममधील दोष आणि ड्रायव्हरमधील चूक. त्यांतून निवड करण्यास जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ मध्ये विशद केलेली व्यतिरेकपद्धती उपयोगी पडते : इतर परिस्थिती तीच ठेवून एकच घटक बदलावा. रॅमच्या दोन पट्ट्या असल्यास एका वेळी एकच ठेवून यंत्र चालवावे.

तथापि बिघाड अनियमित असल्याने घाईचा निष्कर्ष फसवितो. यंत्र सरासरीने दिवसातून एकदा यदृच्छेने बंद पडत असेल, तर काहीही उपाय न करता एक दिवस निर्विघ्न जाण्याची संभाव्यता सुमारे ३७ टक्के असते. सलग तीन दिवसांची मात्र सुमारे ५ टक्केच. तेव्हा प्रत्येक बदलानंतर निदान तीन दिवस थांबणे इष्ट. शेवटी काढलेला भाग पुन्हा बसवावा. बिघाड परतला, तरच कारण सिद्ध झाले असे म्हणता येईल.