जांघेतून पायाच्या धमनीपर्यंत

धानाच्या बांधीवरून चालताना पोटरीत गोळा येतो, जरा थांबलं की उतरतो, पुन्हा चाललं की येतो. गडचिरोलीतल्या चामोर्शीकडे अशा दुखण्याला वात समजून तेल चोळलं जातं. पण पायाच्या धमनीत चरबी साचून ती अरुंद झाली तरी असंच होतं. विडी-सिगारेट आणि मधुमेह ही त्याची मोठी कारणं. जखम चिघळत असेल तर पायही धोक्यात येतो.

उपचारासाठी अनेकजण नागपूर गाठतात. तिथे अरुंद धमनी आतून रुंद करतात आणि आत शिरायला बहुधा जांघेतली धमनी निवडतात. ती मोठी असते आणि खुब्याच्या हाडावरून जाते, त्यामुळे नंतर दाबून रक्त थांबवता येतं. जागा बधिर करून, सोनोग्राफीत पाहत सुई टोचतात. सुईतून बारीक तार, तारेवरून नळी. ही पद्धत स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी 1953 मध्ये मांडली. 1964 मध्ये अमेरिकेत डॉटर यांनी पायाची अरुंद धमनी अशीच आतून रुंद केली.

वाट दोन प्रकारची. दुखऱ्या पायाच्याच जांघेतून खाली उतरायचं, किंवा दुसऱ्या जांघेतून वर जाऊन पोटातल्या महाधमनीच्या फाट्यावरून पलीकडे वळायचं. टोचा फार वर गेला तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. फार खाली गेला तर धमनीला फुगा येऊ शकतो.

नंतर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहावं. घरी आल्यावर जांघेतून रक्त आलं तर घट्ट दाबून धरावं. रक्त आलं, सूज वाढली किंवा पाय गार पडला, तर लगेच दवाखाना गाठावा.